सरकारला गाऱ्हाणं घालणारा माणूस

देवाशी, सरकारशी आणि माझ्याशी एकाच आवाजात बोलणारा माणूस अख्ख्या मालवण तालुक्यात एकच आहे, आणि तो नेमका माझ्याच भावकीत निघावा ही माझी नशिबाविरुद्धची तक्रार आहे. नात्याने ते माझे चुलत चुलतभाऊ. वयाने भावकीत सगळ्यांत मोठे, म्हणून सगळं गाव त्यांना ‘थोरले’ म्हणतं. मी तसा कुणाला भिणारा माणूस नव्हे. डोक्यावर सुक्या बांगड्यांची पाटी घेऊन मसुऱ्यापर्यंत पायी फिरलो आहे. तिथपासून बाजारपेठेतल्या स्वतःच्या दुकानापर्यंत आलो तो कुणाच्या मेहेरबानीने नाही, जिभेच्या जोरावर. दलालांशी भांडलो, ट्रकवाल्यांशी भांडलो, पंचायतीशी अजून भांडतो आहे. पण बाजाराच्या वळणावर थोरल्यांची काळी छत्री दिसली की मी भितो. पूर्वी भीत असे ते त्यांच्या आवाजाला. हल्ली का भितो, तेच सांगायला बसलो आहे.

थोरले एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, पण त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नाही. स्टँडवरचा कर्णा बिघडला तर दुरुस्तीची घाई कुणी करत नसे, कारण थोरले खिडकीतून नुसते बोलले तरी फलाटाच्या टोकाला झोपलेला माणूस दचकून उठून आपली पिशवी शोधू लागे. घरी जेवताना ते ‘कढी’ म्हणाले की शेजारच्या घरातली बाई वाटी घेऊन उठे. त्यात आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. बाहेरच्या वाचकाला हे समजावून सांगायला हवं. आमच्याकडे जत्रा असो, पेरणी असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो, आधी देवापुढे नारळ ठेवून गावाच्या वतीने एकजण उभा राहतो. गावाचं काय बिघडलंय, कुणाचं काय अडलंय, देवाने त्यावर काय करावं, हे तो खणखणीत आवाजात सांगतो, आणि त्याचं वाक्य संपलं की जमलेली माणसं एका दमात ‘व्हय म्हाराजा!’ म्हणतात. ही सवय आम्हाला बोलता यायच्या आधीपासून लागलेली असते. आधी ‘व्हय’ म्हणायचं. वाक्य काय होतं याचा विचार घरी गेल्यावर.

थोरल्यांना वाटे, जी रीत देवाला चालते ती इतरांना का चालू नये? वीज गेली की ते वायरमनच्या अंगणात जाऊन हात जोडत. “बाऽऽ खांबावरच्या म्हाराजा, तुझी झोप झाली असली तर वायच आमच्या वाडीकडे बघ रे म्हाराजा!” रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत आणि बिचारा वायरमन चड्डीवरच शिडी घेऊन निघे. एकदा ते माझ्या दुकानात आले. मी कुणाला तरी कुळीथ मोजून देत होतो. थोरल्यांनी माझ्या तराजूला नमस्कार केला. “बाऽऽ तराजू म्हाराजा, माझ्या भावाचो हात वायच सरळ ठेव रे म्हाराजा!” दुकानातली सगळी गिऱ्हाइकं ‘व्हय म्हाराजा’ म्हणून मोकळी झाली. मी असा तापलो की त्यांची छत्री उचलून रस्त्यावर फेकली. त्यांनी ती शांतपणे उचलली, झटकली, आणि जाताना म्हणाले, “राग करू नको. तराजूक सांगलंय, तुका नाय.” तो राग माझ्या डोक्यातून अजून उतरलेला नाही. माझा हात सरळच असतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. हा आवाज ज्या तोंडातून निघे, त्याच्या डाव्या गालात नोकरीच्या पहिल्या वर्षापासून तंबाखू असे. सकाळी चुना लावून मळलेली तंबाखू गालात सरकवली की ती दुपारी जेवतानाच बाहेर. पिंक टाकायला ते खिडकीबाहेर वाकले की ड्रायव्हर गाडी सुरू ठेवून अदबीने थांबून राही, कारण थोरल्यांचं तोंड मोकळं झाल्याशिवाय गाडी सुटल्याची घोषणा व्हायची नाही, आणि घोषणेशिवाय गाडी सुटलेली त्यांना खपायची नाही. आम्ही यावर खूप हसायचो. तंबाखू तर सगळेच खात होते. पुरुष मळून खात, बायका तव्यावर भाजून मशेरी करीत आणि सकाळी मागच्या पडवीत बसून दातांना लावीत. त्यात भिण्यासारखं काय होतं?

गाऱ्हाण्याची सुरुवात ‘बाऽऽ देवा म्हाराजा’ अशी होते. थोरल्यांचा तो ‘बाऽऽ’ म्हणजे आमच्या गावाचा दागिना. देवळातून निघून माडांवरून तो खाडीपर्यंत जाई. एका जत्रेत तो आखूड आला. सुरू झाला आणि मध्येच बसला. पुढचं गाऱ्हाणं नेहमीसारखं झालं, पण माणसं एकमेकांकडे बघत राहिली. घरी जाताना कुजबुज सुरू झाली की देवाचं काहीतरी चुकलंय, यंदा मासळी मिळायची नाही. मी मात्र थोरल्यांच्या अगदी समोर उभा होतो. मी जे पाहिलं ते कुणाला सांगितलं नाही. त्यांचं तोंड उघडतच नव्हतं. दाराला आतून कडी लावलेली असावी आणि बाहेरून कुणी ढकलावं, तसा त्यांचा जबडा थोडा उघडून अडत होता. आणि डोळ्यांत, देवासमोर उभं राहून, भीती होती. थोरल्यांच्या डोळ्यांत भीती मी त्याआधी पाहिली नव्हती.

मीच त्यांना सावंतवाडीला एका दंतवैद्याकडे नेलं. डॉक्टर तरुण होता, हळू बोलणारा. त्याने बॅटरी लावून बराच वेळ आत पाहिलं. मग म्हणाला, “काका, गालाची आतली कातडी ताठ झाली आहे, म्हणून तोंड उघडत नाही. ते एक. पण जिभेच्या कडेला जखम आहे, ती मला बरी वाटत नाही. गोव्याला मोठ्या इस्पितळात जा. बहुतेक कापावं लागेल. उशीर करू नका.” थोरल्यांनी एकच विचारलं, “बोलणा ऱ्हवात?” डॉक्टर म्हणाला, “जीव राहील. बोलण्याचं आज सांगता येत नाही.” मग तो माझ्याकडे वळला. “तुम्ही खाता का?” मी म्हटलं, “छे. मी विकतो. माल आला की गालात धरून बघतो, तेवढंच.” आमच्या धंद्यात तंबाखू नाकाने आणि गालाने पारखतात, चिमूटभर गालात धरायची, कडक आहे की मऊ ते कळलं की थुंकायची. त्याने मलाही खुर्चीत बसवलं, बॅटरी मारली, आणि म्हणाला, “इथे पांढरा चट्टा आहे. आज घाबरण्यासारखं नाही. पण माल बघणं आजपासून बंद, आणि ठरावीक वेळाने येऊन दाखवत चला.” आयुष्यभर ज्या जिभेवर पोट भरलं तिच्या शेजारी एक चट्टा बसला होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

बाहेर आल्यावर मला वाटलं थोरले कुठेतरी बसतील, पाणी मागतील. ते सरळ समोरच्या लाकडी खेळण्यांच्या दुकानात शिरले. तिथे रंगवलेली लाकडी फळं मांडलेली असतात, खऱ्यासारखी. त्यांनी एक आवळा, एक लिंबू आणि एक पेरू निवडला. दुकानदाराने भाव सांगितला आणि मी घासाघीस केली नाही. माझी अवस्था काय होती ते यावरून समजा.

त्या दिवसापासून ही तीन फळं त्यांच्या खिशात आली आणि गावाचं जगणं अवघड झालं. ज्याच्या गालात तंबाखू असेल त्याला थोरले वाटेत उभं करीत, “आ कर” म्हणत, आणि त्याच्या उघड्या तोंडासमोर फळं धरून माप घेत. पेरूएवढं उघडलं तर पाठीवर थाप. लिंबाएवढं उघडलं तर “संभाळ रे बाबा”. आणि आवळ्यापाशी अडलं तर ते खिशातून हळद-कुंकू लागलेला देवळातला अंगारा काढून त्याच्या कपाळाला लावीत. त्याहून भयंकर काही असू शकत नाही. धट्टेकट्टे खलाशी त्यांना बघून होडीआड लपू लागले. आमच्या घरीही ते सकाळी सकाळी मागच्या दाराने आले. माझी बायको पडवीत मशेरी लावत बसली होती.

“गो बाय, तोंड उघड बघया.”

“भावोजी, सकाळी उठान बायलमाणसांचे दात बघतात, तुमका काय काम-धंदो नाय?” तिने पदर तोंडावर ओढला.

“माझ्या तोंडात बघ मगे,” थोरले म्हणाले, आणि उघडेल तेवढं तोंड उघडलं.

तिने पाहिलं. मग उठली आणि हातातली मशेरीची डबी विहिरीमागच्या खड्ड्यात पालथी केली. मला म्हणाली, “आता ह्या घरात तवो फक्त भाकरयेसाठी तापतलो.” मी तिला गेली कित्येक वर्षं सांगत होतो असं म्हणायला मला आवडलं असतं, पण तिची तंबाखू माझ्याच दुकानातून येत होती.

माणसांवर भागलं नाही तेव्हा ते राखणदाराकडे वळले. आमच्या वेशीवरच्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, नारळासोबत विडी ठेवायची पद्धत आहे; तो रात्री गावाभोवती फिरतो, दमतो, त्याला विडी लागते. थोरल्यांनी विडी बंद करून गूळ-खोबरं ठेवलं. गावात हाहाकार उडाला. त्याच आठवड्यात विहिरीवरचा पंप जळला, आणि एकाच्या गोठ्यात घोणस निघाली. माणसं माझ्या दुकानात जमून म्हणाली, “थोरल्यांनी राखणदाराक चिडवल्यानी. आता गावाचा काय खरा नाय.” खोटं कशाला सांगू, मीही दोन दिवस वेशीवरून जाणं टाळलं. शेवटी सगळे मिळून थोरल्यांकडे गेले. ते म्हणाले, “अरे, तेका खोकलो झालो तर तुमका राखतलो कोण?” राखणदाराला खोकला होऊ शकतो ही शक्यता आमच्या पूर्वजांनी लक्षात घेतली नव्हती. गूळ-खोबरं राहिलं. घोणस पुन्हा निघाली नाही.

हे सगळं चालू असताना दिवस जात होते, आणि थोरले गोव्याला जायचं नाव काढत नव्हते. त्यांचा ‘बाऽऽ’ आणखी आखूड होत चालला होता. मऊ भात आणि कढी, एवढंच तोंडात जात होतं. मी दर दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन ओरडायचो आणि ते दर दोन दिवसांनी माझ्या दुकानात येऊन बसायचे. दुकानाच्या दाराला वरपासून खालपर्यंत तंबाखूच्या पुड्यांच्या माळा होत्या. बाजारात सगळ्यांच्याच दाराला असतात. गिऱ्हाईक आधी तिथे हात घालतं आणि मग मीठ-साखर मागतं. थोरले त्या माळांकडे बोट करून म्हणाले, “उंदराचा औषध खंय ठेवतंस तू?”

“कपाटात. कुलूप लावून.”

“कित्याक?”

“पोरांच्या हाताला लागू नये म्हणून. नियम आहे.”

“आणि ह्या दारार तोरण करून टांगतंस!”

मी भडकलो. “मी उतरवलं तर शेजारचा दुप्पट टांगेल! माझी चूल विझेल आणि एकही माणूस कमी खाणार नाही. तुमका अक्कल आसा काय? एकट्याने बंद करून काय होतं? सगळ्यांना बंद करायला लावा, मी पहिला उतरवतो.”

“ताच तर म्हणतंय,” थोरले म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर गाडी वेळेवर आल्यासारखं समाधान पसरलं. “ह्या तुझ्या-माझ्यान होवचा नाय. ह्या सरकाराक सांगूक व्हया. तेच्यासाठीच तर थांबलंय. एकदा जीभ कापली की सांगतलो कोण?”

तेव्हा मला कळलं की हा माणूस इस्पितळाला का टाळतो आहे. त्याला मरणाची भीती नव्हती. बोलणं जायच्या आत एक गाऱ्हाणं घालायचं राहिलं होतं, त्याची भीती होती. माझी भीती साधी होती: हा असाच थांबून राहिला तर मरेल. मी सौदा केला. “उद्या मी तुम्हाला मालवणला तहसील कचेरीत नेतो. घाला तुमचं गाऱ्हाणं. परवा सकाळी गोव्याच्या गाडीत बसायचं. मंजूर?” ते म्हणाले, “मंजूर.” इतक्या चटकन मंजूर झालेल्या सौद्यात काहीतरी गोम असते, हे मला कळायला हवं होतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

कचेरीत गर्दी होती. सात-बाराच्या उताऱ्यासाठी, दाखल्यांसाठी, कशाकशासाठी माणसं रांगेत उभी. थोरल्यांनी खिडकीपुढच्या टेबलावर नारळ ठेवला. कारकून म्हणाला, “आजोबा, हे काय? अर्ज लिहून आणा आणि टपालात द्या.” थोरले म्हणाले, “अर्ज फायलीत जाता. गाऱ्हाणा कानात जाता.” आणि छत्री माझ्या हातात देऊन त्यांनी हात जोडले.

“बाऽ मायबाप सरकारा म्हाराजा! तुझ्या राज्यात उंदराच्या विषाक कुलूप आसा, झोपेच्या गोळयेक डॉक्टराची चिठी आसा, दारूक परवानो आसा रे म्हाराजा!”

रांगेतला एक म्हातारा सवयीने म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

“आणि तंबाखू मात्र मिठा-साखरेच्या बाजूक टांगलेली आसा रे म्हाराजा!”

आता अर्धी रांग होती. “व्हय म्हाराजा!”

“पुडयेर चित्र छापून तू हात झाडलंस. शाळेच्या वाटेर इकू नको म्हणान कागदार लिवलंस. पण बघूक कोण येता? ता चित्र बघून कोण भियालो नाय. भियालो तो माझ्यासारखो, तोंड मिटल्यार, रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” आता शिपाईसुद्धा. कारकुनाचे ओठही हलले. तो आमच्याच बाजूचा होता.

“म्हणान हो नारळ ठेवून सांगणा करतंय. तंबाखू ही नशा आसा, तिका नशा म्हण. वाणसामानात धरू नको. दारूसारखो वेगळो परवानो लाव, कुलपात ठेवूक लाव, पोरांच्या हाताक लागात तर इकणाऱ्याक धर. आणि ज्यांची तोंडा मिटत इली, तेंका सोडूचा कसा ता सांगणारो माणूस गावागावात धाड रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि हो माझो भाव हय उभो आसा, तो आजपासून आपल्या दारावरचा तोरण उतरवतलो रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी कचेरी दणाणली. आणि त्या आवाजात माझा आवाज होता. वाक्य माझ्या डोक्यात शिरायच्या आत ‘व्हय’ तोंडातून निघून गेलं होतं. आयुष्यात मी भाव ऐकल्याशिवाय कधी हो म्हटलेलं नाही. नारळासमोर, सरकारी कचेरीत, चारचौघांत, मी बांधला गेलो. थोरल्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

गोंगाट ऐकून आतून अधिकारी बाई आल्या. तरुण होत्या, चांगल्या होत्या. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, “आजोबा, तुमचं म्हणणं बरोबर असेल, पण हे आमच्या अखत्यारीत नाही. अन्न आणि औषधाचं खातं वेगळं असतं.”

“म्हणजे तुमी ह्या औषधात धरतात?”

“नाही, औषधात नाही.”

“मगे अन्नात?”

“अन्नातही नाही म्हणता येणार.”

“मगे ह्या आसा तरी काय?” थोरल्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता. बाईंनी थोरल्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. आम्ही निघताना त्या म्हणाल्या, “नारळ घेऊन जा.” थोरले म्हणाले, “ठेवलेलो नारळ परत नेत नाय.” तो त्यांच्या टेबलावरच राहिला.

दुकानी येऊन मी पुड्यांच्या माळा उतरवल्या. दात-ओठ खात उतरवल्या. शेजारच्याने संध्याकाळपर्यंत आपल्या दाराला आणखी माळा लावल्या, आणि माझी जुनी गिऱ्हाइकं माझ्यासमोरून तिकडे जाऊ लागली; तंबाखू तिकडे घेतली की मीठ-साखरही तिकडेच. हीच माझी सरकारपाशी तक्रार आहे, आणि ती मी अजिबात मवाळपणे करत नाही. एकट्यादुकट्याच्या चांगुलपणावर हे सोडून कसं चालेल? मी उतरवलं म्हणून एका माणसाचा तरी गाल वाचला का? माझा धंदा बसला आणि विष शेजारच्या दारात गेलं, एवढंच झालं. गुटखा बंद आहे म्हणतात. मागणाऱ्याला तो कुठे मिळतो हे बाजारातलं शेंबडं पोर सांगेल. ज्या वस्तूला मी स्वतः माझ्या गालात धरून बघायचो, तिला मी आता भितो. भितो म्हणूनच म्हणतो: नियम करा, कडक करा, आणि तो माझ्यासारख्या तापट, लोभी माणसालाही मोडता येणार नाही असा करा. मला मोडता येणार नाही म्हणजे तो बऱ्यापैकी पक्का असेल.

ठरल्याप्रमाणे थोरले दुसऱ्या दिवशी गोव्याच्या गाडीत बसले. मी बरोबर होतो. रेडीकडचा फाटा मागे पडेपर्यंत ते बोलत होते. कुठली गाडी किती वाजता सुटायची, कुठला कंडक्टर कुणाशी भांडायचा, काहीबाही. मध्येच हसायचे. मला समजत होतं की ते बोलून घेत आहेत, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण त्यांच्याकडे बघायचं मला धाडस होत नव्हतं. इस्पितळाच्या दारात त्यांनी माझ्या दंडाला धरलं. इतकं घट्ट की वळ उठला. “माका भिया दिसता रे,” ते म्हणाले. एवढं साधं वाक्य त्यांनी हळू आवाजात म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. त्यांच्या तोंडून मला नीट समजलेलं ते शेवटचं वाक्य.

जीव राहिला. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आला असतात तर कमी कापावं लागलं असतं. आता जीभ अर्धीच आहे, जबड्याचा एक भाग नाही, आणि गळ्यातून आवाज निघतो पण शब्द होत नाहीत. घरातल्यांना कळतं थोडंफार. मला कधी कळतं, कधी नाही. कळत नाही तेव्हा मी चिडतो, आणि तेही चिडतात.

यंदाच्या जत्रेला गावाने विचारलं, गाऱ्हाणं कोण घालणार? मान त्यांच्या घराचा. थोरले कुणाचं ऐकायला तयार झाले नाहीत. स्वच्छ धोतर नेसून, तोंडाच्या एका बाजूला रुमाल धरून ते देवापुढे उभे राहिले आणि नारळ ठेवला. मग आवाज निघाला. ओबडधोबड, तुटका, माशी शिंकल्यासारखा थांबणारा, पुन्हा सुरू होणारा. एकही शब्द लागत नव्हता. वाक्य कुठे संपतं तेच कळत नव्हतं, त्यामुळे कुणालाच ‘व्हय म्हाराजा’ म्हणता येईना. एवढी गर्दी, आणि देवळात त्या एका आवाजाशिवाय काही नाही. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. गालात तंबाखू धरून आलेले चारदोन खलाशी मागे सरकत सरकत बाहेर गेले आणि मला त्यांच्या थुंकण्याचे आवाज ऐकू आले. थोरले बराच वेळ बोलले. गावाचं सगळं सांगितलं असावं, मासळीचं, पावसाचं, पोराबाळांचं. आणखीही काही असावं, कारण मध्ये एकदा त्यांचा हात हवेत वर गेला आणि दारावरचं काहीतरी ओढून खाली काढल्यासारखा झाला.

संपल्यावर ते वळले. घामाने भिजले होते. गर्दीतून मला शोधून काढून त्यांनी आपल्या कानाला बोट लावलं आणि भुवया उंचावल्या. पोचलं का, असं विचारत होते.

मी म्हटलं, “कानात गेला हो थोरले. सगळा गेला.”

त्यांचा चेहरा सैल झाला. माझा आधार घेऊन ते पायऱ्यांवर बसले आणि मी त्यांना छत्रीने वारा घालत राहिलो. देवाला कळलं असेल, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याला शब्द लागत नाहीत. सरकारला लागतात. आणि कचेरीत बोललेल्या त्या शब्दांचं पुढे काय झालं, ते आतपर्यंत गेले की टेबलावर नारळाशेजारीच राहिले, हे मला कुणी सांगत नाही. थोरले रोज दुकानात येतात, बाकावर बसतात आणि माझ्याकडे त्याच प्रश्नाने बघतात. मी रोज ‘गेला’ म्हणतो. पण ते घरी गेले की मी आरशासमोर उभा राहतो, तोंड उघडतो, आणि मला फार भीती वाटते.